किल्ल्यामागच्या पाण्याला वाली द्या

प्रति,
राज्याचे पर्यटन खाते, महाराष्ट्र सागरी मंडळ, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि सिंधुदुर्गचे जिल्हा प्रशासन



तुम्हा चौघांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळी चार पत्रं लिहिली असती, तर प्रत्येकाला आपल्या वाट्याचा तुकडा तेवढा दिसला असता. माझं म्हणणं नेमकं त्या तुकड्यांबद्दलच आहे.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्कूबा डायव्हिंग चालतं. पर्यटकाला नेणारी बोट सागरी मंडळाच्या नोंदीत असते. डायव्हिंगचा व्यवसाय २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदवायचा असतो. ज्या खडकांवर माणूस उतरतो तिथलं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, म्हणजे ते वन विभागाचं. किल्ल्याचा तट पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. पाठीवरचा सिलिंडर कुठल्या मुदतीत तपासायचा, हे ठरवणाऱ्या यंत्रणेचं मुख्यालय नागपुरात. कागदावर सगळ्यांना मालक आहे. पण पाण्याखाली पाच मीटरवर पर्यटक, त्याला धरून असलेला गाईड, सिलिंडर आणि प्रवाळ हे सगळं एकाच जागी, एकाच क्षणी असतं. तिथे तुमच्यापैकी कुणीच नसतं. काही बिघडलं तर कुणाचं दार ठोठावायचं, हे मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उभा असलेला बोटवाला सांगू शकत नाही आणि पर्यटकही नाही.

मी मालवणची. याच पाण्यात डायव्हिंग शिकले, पुढे अंदमानात स्वराज द्वीपला आणि लक्षद्वीपलाही उतरले. तिथलं पाणी काचेसारखं असतं, आपल्याकडे ते तसं नसतं. पावसाळ्यात खाड्यांमधून आलेला गाळ बसायला दिवाळी उजाडते. त्यानंतरही चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंत नीट दिसलं, तर आम्ही खूश असतो. तरीही मला हे पाणी कमी वाटत नाही. इथे खडकांवर पोरायटीस प्रवाळाचे गोल गड्डे आहेत, टर्बिनेरियाची पसरट पानं आहेत. थंडीत सरगॅसम शेवाळाचं तपकिरी रान उभं राहतं आणि त्यातून पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे ये-जा करतात. कपारीत गोबरा बसलेला असतो, तांबोशीची पिल्लं उजेडाच्या तिरिपेत फिरतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी बांधलेल्या तटाच्या पायथ्याशी, बंदरापासून होडीने काही मिनिटांच्या अंतरावर जिवंत प्रवाळ पाहायला मिळतं, अशा जागा जगात फार नाहीत. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, सिंधुदुर्ग इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. गर्दी आता वाढणारच आहे. म्हणूनच हे पत्र आज लिहिते आहे.

पोरायटीसचा गड्डा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मांडीइतक्या उंचीचा गड्डा म्हणजे कुणाच्या तरी आजीच्या लग्नाच्या सुमारास रुजलेला जीव. बोटीचा लोखंडी नांगर त्यावर पडला, की तो दुभंगतो. नांगर उचलताना दोर ओढला, की उरलेला तुकडा उलटा होतो आणि वाळूत गाडला जाऊन मरतो. हे घडायला दुष्ट माणूस लागत नाही. खाली काय आहे हे न दिसणारा, वरून दोर सोडणारा, घाईत असलेला चांगला माणूस पुरतो. आणि हे सगळं १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या हद्दीत घडतं. त्यातल्या तीन चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात किल्ला आणि शेजारचा पद्मगड येतात. कठीण प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. जंगलात वाघाच्या अंगावर जीप घातली तर काय होईल, ते वन विभागाला सांगायला नको. इथे रोज नांगर पडतात आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

आता गाईडचं काम करणाऱ्या मुलांबद्दल लिहिते, कारण त्यांच्याबद्दल शहरात फार उथळ बोललं जातं. बोटीवर जी मुलं पर्यटकाला हात धरून खाली नेतात, त्यांतली बरीच गाबीत घरांतली आहेत. त्यांचे आजोबा किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढत. पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीने किनाऱ्याजवळची मासळी उचलली, तसा रापणीचा वाटा आटत गेला. घरात होडी होती आणि समुद्र ओळखीचा होता, म्हणून ही मुलं पर्यटनाकडे वळली. केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून काहींना प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था उभी राहिली, त्यातूनही चांगले डायव्हर तयार झाले. पोहता न येणाऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला ही मुलं पाण्याखाली नेतात आणि हसत वर आणतात. हे कसबाचं आणि धीराचं काम आहे. माझं गाऱ्हाणं त्यांच्याविरुद्ध नाही. ज्या बाजारात त्यांना तुम्ही एकटं सोडलं आहे, त्याविरुद्ध आहे.

या बाजारात सगळं भावावर चालतं. जेट्टीवर उतरलेल्या पर्यटकाभोवती एजंट जमतात. एकाने एक आकडा सांगितला, की दुसरा शंभर रुपये कमी सांगतो, तिसरा त्यात पॅरासेलिंग जोडून देतो. पर्यटकाला सगळे बोटवाले सारखेच दिसतात. कोणाचा कॉम्प्रेसर नवा, कोणाकडे ऑक्सिजनची पेटी आहे, कोणाचा गाईड प्रशिक्षित, हे विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. मग तो भाव बघतो. भाव खाली गेला, की पाण्याखालची मिनिटं कमी होतात आणि फेऱ्या वाढतात. पोशाख घालून दिला, तोंडात रेग्युलेटर दिला, दोन खुणा दाखवल्या, चला. खाली व्हिडिओ काढायचा असतो, मासे तर हवेतच, म्हणून बिस्किटं आणि पाव सोडले जातात. पट्ट्यांचे मासे झुंबड करतात, चित्रफीत सुरेख येते. शेवाळ खाऊन खडक स्वच्छ ठेवणं हे ज्या माशांचं काम, त्यांना आयत्या पावाची सवय लागली तर प्रवाळावर शेवाळ चढतं. काही ठिकाणी समुद्रकाकडी किंवा तारामासा उचलून पर्यटकाच्या हातात देतात. समुद्रकाकडी हीसुद्धा पहिल्या अनुसूचीतली. देणाऱ्याला ते माहीत नसतं, कारण त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

ज्याला नीट धंदा करायचा आहे, त्याला हा भाव परवडत नाही. चांगला कॉम्प्रेसर, वेळेवर बदललेले फिल्टर, सिलिंडरची तपासणी, पुरेसे गाईड, विमा या सगळ्याला पैसे लागतात. सगळं नियमाने करणारा माणूस शेजाऱ्यापेक्षा महाग ठरतो आणि रिकाम्या बोटीवर बसून राहतो. प्रामाणिकपणाची शिक्षा होणारी ही व्यवस्था आपोआप सुधारणार नाही. ती तुम्हालाच बदलावी लागेल.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडा सविस्तर मांडते. 'आम्ही फक्त वीस फुटांवर नेतो, तिथे काय होणार' असं किनाऱ्यावर सर्रास म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला ते मनापासून खरं वाटतं. दहा मीटर खाली पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. सहा मीटरवर तो दीडपटीहून थोडा जास्त असतो. खाली भरून घेतलेला श्वास रोखून धरून माणूस घाबरून वर आला, तर छातीतली ती हवा त्याच प्रमाणात फुगते. फुप्फुसाला ते सोसत नाही. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. उथळ पाण्यात हवेचं आकारमान सगळ्यांत झपाट्याने बदलतं, आणि घाबरून वर झेपावणारा माणूस बहुधा नवखाच असतो. म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्याला उथळ पाण्यात श्वास सोडत राहण्याचा, मास्कमधलं पाणी काढण्याचा सराव आधी द्यावा लागतो. दम्याचा, हृदयविकाराचा, कानाच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न विचारून कागदावर सही घ्यावी लागते. नवख्यांच्या पहिल्या डायव्हसाठी 'आयएसओ १११२१' हे जागतिक मानक आहे. ते राज्याच्या परवान्यात घालायला कुणाची हरकत असणार नाही.

हवा हा दुसरा प्रश्न. सिलिंडरमध्ये आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते. ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या धुराजवळ ठेवला, किंवा वारा फिरला आणि धूर आत ओढला गेला, तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो. त्याला वास नाही, चव नाही. युरोपात श्वसनाच्या हवेत तो दहा लाख भागांत पाचपेक्षा जास्त चालत नाही. हे मोजणारं यंत्र हातात मावतं. दर आठवड्याला प्रत्येक कॉम्प्रेसरची हवा तपासून तिचा आकडा बोटीवर लावायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. रोज सकाळी किनाऱ्यावर फिरणारा एक माणूस लागतो.

२४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचे जीव गेले. त्या दिवसांत वारा बदलायला लागलेला असतो, हे इथलं पोरही सांगेल. त्यानंतर बैठका झाल्या, नोटिसा निघाल्या, लाइफ जॅकेटचा आग्रह धरला गेला, आणि ते योग्यच झालं. पण लक्ष बोटीवर राहिलं. पाण्याखालच्या भागाकडे तेवढ्या गांभीर्याने कुणी वळलं नाही. हंगामाच्या दिवशी किल्ल्याजवळ आपत्कालीन ऑक्सिजन, वेगवान होडी आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस सतत हजर हवा. अशा बुडबुड्यांवर उपचार करणाऱ्या दाबकक्षाची गरज पडलीच, तर रुग्णाला कुठे आणि कसं न्यायचं, हे मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात भिंतीवर लिहिलेलं हवं. मुंबईत नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयाकडे हे ज्ञान आहे. त्यांच्याशी आधीच करार करून ठेवावा, अपघात झाल्यावर फोन नंबर शोधत बसू नये.

मग करायचं काय? माझी पहिली मागणी नांगराची आहे, कारण ती सगळ्यांत सोपी आहे. डायव्हिंगच्या प्रत्येक जागी समुद्रतळाशी पक्के बांधलेले तरंगते बोये बसवा. बोटींनी दोर त्यांना बांधावा आणि त्या परिसरात नांगर टाकायला बंदी असावी. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाने १९७९ मध्ये सागरी उद्यान केलं, तिथे प्रवाळावर नांगर टाकायला मनाई आहे. बोटी बोयांना बांधतात आणि पर्यटकाकडून घेतलेल्या शुल्कावर उद्यान चालतं. एवढंसं बेट हे करू शकतं, तर महाराष्ट्रालाही जमेल.

त्याला जोडूनच दुसरी मागणी आहे. एका जागी एका वेळी किती बोटी आणि दिवसाला किती डायव्हर, याची मर्यादा ठरवा. मलेशियातल्या सिपादान बेटावर २००४ मध्ये मुक्कामाची हॉटेलं हलवली आणि अनेक वर्षं दिवसाला १२० परवान्यांची मर्यादा ठेवली. परवाना दुर्मीळ झाला, तशी त्याची किंमत वाढली. आपल्याकडे मर्यादा आली, की कमीत कमी दरही ठरवता येईल आणि एजंटांची ओढाताण थांबेल. फेऱ्या कमी होतील आणि प्रत्येक फेरीचं उत्पन्न वाढेल. मुलांना पाण्याखाली दहा मिनिटं जास्त देता येतील. एका गाईडमागे एकच नवखा, हा नियमही तेव्हाच पाळला जाईल, कारण तेव्हा तो परवडेल.

मर्यादा हा शब्द मालवणात कसा ऐकला जाईल, याची मला कल्पना आहे. १९८७ साली अभयारण्य आलं तेव्हा मच्छीमारांना विचारलं गेलं नव्हतं, ही भावना इथे अजून जिवंत आहे. अभयारण्य म्हटलं, की आमची रापण बंद होणार, असंच माणसाच्या मनात येतं. त्यामुळे मंत्रालयातून जाहीर केलेला आकडा किनाऱ्यावर टिकणार नाही. तो बोटवाल्यांच्या आणि मच्छीमार संस्थांच्या सोबत बसून ठरवावा लागेल. परवाने बाहेरच्या भांडवलदाराला लिलावात देऊ नका. ते गावातल्या माणसांच्या गटांना द्या आणि नियम मोडणाऱ्याचा हंगाम रद्द करण्याचा अधिकारही त्या गटांना द्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायकांनी कांदळवन सफर स्वतः चालवून दाखवली आहे. खाडी आपली आहे आणि उत्पन्नही आपलं आहे, हे कळल्यावर माणसं तिची राखण करतात. तेव्हा मदत तुमच्याच कांदळवन कक्षाने केली होती, म्हणजे हे कसं करायचं ते तुमच्या खात्यात ठाऊक आहे.

आता 'गुलदार'बद्दल. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं, त्यासाठी केंद्राने जवळपास ४७ कोटी रुपये मंजूर केले. ही कल्पना मला आवडते. बुडालेल्या जहाजावर प्रवाळ रुजतं, मासे आसरा घेतात, आणि नैसर्गिक खडकांवरची गर्दी थोडी तिकडे वळू शकते. पण ८० मीटरांहून लांब जहाज म्हणजे खोल पाणी, प्रवाह आणि आत शिरण्याचा मोह. हौशी पर्यटकाला हात धरून फिरवून आणण्याची ती जागा नाही. जहाजाच्या आत कुणी जायचं, कुणी फक्त बाहेरून बघायचं, आणि त्यासाठी कुठलं प्रमाणपत्र लागेल, हे पहिला पर्यटक उतरण्याआधी ठरायला हवं.

आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी नियमपुस्तकात ठळक सापडणार नाही, कारण ती आपल्या भूगोलाची आहे. खोल डायव्ह केल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्या काळात उंचावर गेलं तर बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून डायव्हनंतर बारा-अठरा तास विमानात बसू नये असं शिकवतात. साधारण सहाशे मीटरच्या वर गेलं, की हा इशारा लागू होतो. आमचे बहुतेक पर्यटक दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी घाट चढतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे, गगनबावडाही तसाच. आज पाच-सहा मीटरच्या डायव्हनंतर याने फारसं बिघडत नाही. पण निवतीच्या खोल पाण्यातून वर आलेला माणूस त्याच संध्याकाळी कोल्हापूरला निघाला, तर बिघडू शकतं. 'त्या रात्री मुक्काम किनाऱ्यावरच' असा नियम केला, तर जीव सांभाळला जाईल आणि देवबागच्या, भोगव्याच्या घरगुती खानावळींना एक रात्र मिळेल. हा नियम कुठल्या तरी कन्सल्टंटच्या अहवालात येण्याची वाट पाहू नका.

अँग्रिया बँकबद्दल थोडक्यात लिहिते. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं ते बुडालेलं पठार बारा सागरी मैलांच्या कितीतरी पलीकडे आहे. राज्याचा अधिकार तिथवर पोचत नाही, संरक्षण केंद्राकडूनच मिळवावं लागेल. ते मिळेपर्यंत तिथे व्यावसायिक डायव्हिंगची जाहिरात करू नका, एवढीच विनंती.

शेवटची मागणी माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी आहे. मालवणात एक कार्यालय उघडा, जिथे बोट, डायव्हर, हवा आणि प्रवाळ या चारही गोष्टींची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे असेल. त्याचं नाव आणि फोन नंबर जेट्टीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत असावा. तो अधिकारी स्वतः डायव्हिंग जाणणारा असावा आणि पाण्यात उतरून पाहणी करणारा असावा. ज्याने खालची फुटलेली टर्बिनेरिया आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे, तो वरच्या फायलीकडे वेगळ्या नजरेने बघतो.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि १ सप्टेंबरला हंगाम पुन्हा उघडतो. बैठक त्याआधी घ्या आणि ती मालवणातच घ्या. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात, जाळी विणत बोलायला वेळ असतो. रापण संघ, बोटवाले, गाईड मुलं आणि किनाऱ्यावरची न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायका यांना बोलवा. तारीख कळवलीत तर किनाऱ्याच्या बाजूने हजर राहून कोणत्या खडकावर काय शिल्लक आहे, याचा नकाशा समोर ठेवायची माझी तयारी आहे.

कळावे,

आपली
मालवणची एक डायव्हर